बंदर कोणाच्या हवाली

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाकडे पाहणाऱ्या नवख्या माणसाला कुरटे बेटावरचा तट दिसतो, बुरूज दिसतात, परंतु आत शिरायचे कोठून ते दिसत नाही. १६६४ च्या नोव्हेंबरात ज्याचा पाया घातला गेला त्या या जलदुर्गाचे महाद्वार बुरुजांच्या वळणात असे लपविलेले आहे की, होडी अगदी निकट आल्यावाचून ते उमगत नाही. पाण्याखालचे खडक ओळखणारा तांडेल बरोबर नसेल तर या बंदरात शिरू नये, हा येथला पूर्वापार दस्तूर. आगबोटींच्या काळीदेखील बोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावांतून किनाऱ्यावर आणीत. बंदर म्हणजे नुसता धक्का नव्हे, तर या घडीला पाण्याची वाट कोणाच्या ताब्यात आहे याची चोख वहिवाट, हे मालवणात वाढलेल्याला निराळे शिकवावे लागत नाही.

हे सारे आठवण्यास निमित्त झाले ते नखाएवढ्या एका बंदराचे. संगणकाच्या कडेला असलेल्या ज्या भोकात आपण वायर खुपसतो त्यास इंग्रजीत ‘पोर्ट’च म्हणतात. गेल्या पावसाळ्यात, जूनच्या १ तारखेपासून मासेमारी बंद झाली आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा फडकू लागला, तेव्हा घरात कोंडून पडलेल्या मी अशाच एका पोर्टचा कारभार पाहणारा लिनक्सचा ड्रायव्हर ओळीओळीने वाचून काढला. लिनक्सच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. आमच्याकडे या शब्दासरशी पेन्शनीत निघालेले, मिशा पिळणारे लष्करी गृहस्थ डोळ्यांपुढे येतात, आणि या गाभ्याची शिस्त पाहता तो समज अगदीच गैरलागू म्हणवत नाही.

२०१५ च्या सुमारास बाजारात आलेल्या, इंटेलच्या ‘चेरी ट्रेल’ जातीच्या चिपेवर चालणाऱ्या स्वस्त टॅब्लेटांत यूएसबीचे पोर्ट बहुधा एकच असे, आणि त्या एकाच पोर्टाकडून दोन परस्परविरुद्ध कामांची अपेक्षा असे. त्यास पेनड्राइव्ह जोडला तर टॅब्लेटाने यजमान व्हायचे, म्हणजे वीज पुरवायची आणि पाहुण्याची विचारपूस करायची. तेच पोर्ट मोठ्या संगणकास जोडले तर स्वतः पाहुणा होऊन समोरच्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. चिपेच्या पोटात या दोन कामांसाठी दोन स्वतंत्र नियंत्रक असतात, पण बाहेर जाणाऱ्या तारा एकच जोडी. त्या तारा कोणत्या नियंत्रकाच्या हवाली करायच्या हे ठरविणारा एक कळखटका मध्ये बसविलेला असतो, आणि त्या खटक्याचा कारभारी म्हणजे आमचा ड्रायव्हर. त्याचा मजकूर इतका आटोपशीर आहे की, एका बैठकीत वाचून होतो. समजण्यास मात्र मला निम्मा आषाढ लागला.

असा मजकूर गाभ्यात दाखल करून घेण्याची जी पद्धत आहे तिला संस्था म्हणावे की दरबार, याचा निर्णय मला करता येत नाही. १९९१ साली लायनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आरंभिलेल्या या कामाला इमारत नाही, शिपाई नाही. आहे तो पत्रव्यवहार. कोणीही आपला मसुदा साध्या मजकुराच्या पत्राने पाठवावा, संबंधित खात्याच्या राखणदाराने (यूएसबीच्या खात्याचे राखणदार ग्रेग क्रोआ-हार्टमन) आणि अन्य जाणकारांनी ओळीखाली ओळ लिहून त्यावर आक्षेप घ्यावेत, कर्त्याने दुसरी, तिसरी, प्रसंगी दहावी आवृत्ती धाडावी, असा हा क्रम. २००४ पासून प्रत्येक मसुद्याखाली कर्त्याची सही लागते, आणि ती विद्वत्तेची नसून मालकीच्या हमीची असते: हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे, एवढेच ती सांगते. तपासनिसाची सही त्याहून निराळी. मी हे वाचले, माझ्या शंका फिटल्या, परंतु हे निर्दोष आहे अशी हमी मी देत नाही, असा तिचा लेखी अर्थ आहे. आमच्या मामलेदार कचेरीतील कागदांवर मी जन्मभर पुष्कळ शेरे वाचले, पण आपल्या ज्ञानाची मर्यादा सहीतच नमूद करणारा शेरा एकही पाहिल्याचे स्मरत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. खटका फिरविणे ही क्रिया वाचताना क्षुल्लक वाटते: एका नोंदस्थानातील बिट क्रमांक २० आणि २४ यांची किंमत बदलली की यजमान, पाहुणा अथवा ‘कोणीच नाही’ यांपैकी हवी ती भूमिका ठरते. नवशिक्या ड्रायव्हर येथे थांबेल, कारण त्याने हुकूम सोडला आहे. परंतु हुकूम सुटणे निराळे आणि त्याची तामील होणे निराळे. प्रत्यक्ष खटका फिरण्यास बहुतेक वेळा सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात, असे त्या मजकुरातच टिपून ठेवले आहे. आपल्या दृष्टीने पापणी लवण्याचा अवधी. पण ज्या यंत्राचा काळ अब्जांश सेकंदांनी मोजला जातो त्याच्या दृष्टीने हा अवधी म्हणजे जवळजवळ एक चातुर्मास, आणि या चातुर्मासात पोर्ट कोणाचेच नसते. म्हणून हा ड्रायव्हर हुकूम लिहून झाल्यावर शेजारच्या दुसऱ्या नोंदस्थानाकडे दर ५ ते १० मिलिसेकंदांनी डोकावून तामिलीची रुजवात घेतो, आणि १,००० मिलिसेकंदांत ती मिळाली नाही तर ‘मुदत संपली’ असा निरोप वर धाडतो. माझ्या मते सगळ्या ड्रायव्हरातील खरी कारागिरी या वाट पाहण्यात आहे. तपासनिसाने पहिला प्रश्न विचारावा तो येथेच: उत्तर आले नाही तर तू काय करशील?

दुसरा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. त्याच नोंदस्थानावर आणखी एक हात लिहीत असतो. टॅब्लेट बनविणाऱ्याने यंत्रात जन्मतःच भरून ठेवलेला जो मजकूर, तोही वायर जोडली वा काढली की जागा होतो, तेच स्थान वाचतो, बदलतो आणि परत लिहितो. एकाने वाचावे, दुसऱ्याने मध्येच लिहावे आणि पहिल्याने आपल्या जुन्या वाचनाच्या भरवशावर ते पुसून टाकावे, असा प्रसंग एकाच खातेवहीत दोन कारकून लिहू लागले की कोणत्याही कचेरीत येतो. यावर योजलेला उपाय असा की, वहीला हात लावण्यापूर्वी दोघांमध्ये सामाईक असलेले एक कुलूप ताब्यात घ्यावयाचे, लिहून होताच ते सोडावयाचे, आणि मगच तामिलीची वाट पाहत बसावयाचे. या अनुक्रमात अक्कल आहे. कुलूप धरूनच ६०० मिलिसेकंद बसले असते तरी ड्रायव्हर चालला असता, परंतु दुसरा कारकून तोवर उगाच खोळंबला असता.

हे शहाणपण एका फटक्यात उतरले नाही. २०१६ साली इंटेलच्या अभियंत्यांनी अशाच खटक्यासाठी एक व्यवस्था प्रस्तावित केली होती; तिच्या आवृत्तींमागून आवृत्त्या निघाल्या, तरी त्या रूपात ती गाभ्यात शिरली नाही. पुढे ‘भूमिका-बदल’ नावाचा एक सर्वसाधारण सांगाडा तयार झाला, ज्यात खटका कोणाच्याही कारखान्याचा असला तरी हुकूम देणाऱ्याने एकाच रीतीने द्यावा. तो आणि त्याच्या आश्रयाने इंटेलचा हा ड्रायव्हर, दोन्ही जून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४.१७ क्रमांकाच्या आवृत्तीत दाखल झाले. दोन वर्षे गेली असे कोणी म्हणेल. मला तो काळ वाया गेलेला वाटत नाही, कारण एकदा लोकांच्या यंत्रांवर चालू लागलेली गोष्ट पुढे मोडू द्यावयाची नाही असा या दरबाराचा कडक शिरस्ता आहे, आणि चुकीच्या जागी बांधलेला धक्का लाटांना तोंड देत पिढ्यान्‌पिढ्या तेथेच उभा राहतो.

इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या या ड्रायव्हरात पुढे वीज वाचविण्याची सोय जोडण्यात आली. काम नसता खटक्याने निजावे आणि हुकूम आला की जागे व्हावे, अशी ती तजवीज. तीही तपासून घेतलेली. तथापि ड्रायव्हर काढून घेताना ही तजवीज मागे घ्यावी लागते, हे लिहिण्याचे राहूनच गेले होते. परिणामी तोच ड्रायव्हर पुन्हा सुरू करू गेले की वीजखाते हिशेब जुळत नसल्याची तक्रार नोंदवी. ती त्रुटी नंतर कोणाच्या तरी ध्यानात आली, आणि सुधारणेचे जे पत्र आले त्याच्या तळाशी, रिवाजाप्रमाणे, ज्या मसुद्याने चूक आणली त्याची बारा अक्षरी खूण आणि नाव लिहिलेले होते. दोषाचा एक शब्दही नव्हता.