पॉटरी टाऊनचं चाक

बंगळुरूत मोठ्या माणसांसाठी कलेचे वर्ग जागोजागी सुरू झालेत, तिथे काही येत असायची अट नसते, त्यावर लिही, असं संपादकांनी सांगितलं. इंदिरानगर, जयनगर, कोरमंगला इथल्या जुन्या बंगल्यांच्या तळमजल्यांवर, गच्च्यांवर, कॅफेंच्या मागच्या खोल्यांत शनिवार-रविवारी हे वर्ग भरतात. जलरंग, लिनोकट, भरतकाम, नाटक, मातीकाम, ज्याला जे हवं ते. येणाऱ्यांत दिवसभर कोड लिहिणारे असतात, निवृत्त बँक अधिकारी असतात, मुलं मोठी झाल्यावर थोडी सवड मिळालेल्या आया असतात. पुणे, कोल्हापूर, बेळगावाहून नोकरीसाठी आलेली मराठी माणसंही असतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेनंतर ब्रश हातात धरलेला नसतो. शाळेत एकदा ‘तुझा हात वळत नाही’ असं ऐकलेलं माणूस पुढची तीस वर्षं चित्राच्या वाटेला जात नाही. त्याला पुन्हा बसायला जागा देणारे हे वर्ग मला फार मोलाचे वाटतात.

शहराला याची परंपराही आहे. ए. एन. सुब्बराव यांनी १९१९ साली ‘कलामंदिर’ सुरू केलं. १९६० साली कर्नाटक चित्रकला परिषद स्थापन झाली. दर जानेवारीत कुमार कृपा रस्ता वाहनांना बंद करून ती ‘चित्रसंते’ भरवते. त्या दिवशी फूटपाथवर नामवंत चित्रकार आणि नवखा एकाच रांगेत चित्रं मांडून बसतात. मातीकामाची वाट मात्र वेगळीकडून आली. पाँडिचेरीत १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी काढली आणि दक्षिणेत स्टुडिओ पॉटरीने मूळ धरलं. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने कुंभारकामाचं शिक्षण दिलं. ग्लेझच्या कृतींसाठी निर्मला पटवर्धन यांचं ‘न्यू हँडबुक फॉर पॉटर्स’ अनेक स्टुडिओंच्या फळीवर असतं, पानांना मातीची बोटं लागलेलं.

बाकीचे वर्ग पाहून मी पुढे गेले असते, पण चाकाने मला थांबवलं.

चित्राच्या वर्गात थोडीफार लपवाछपवी चालते. ओघळलेल्या रंगाला ढग म्हणता येतं. चाकावर ते जमत नाही. मातीचा गोळा चाकाच्या मधोमध आणल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही, आणि गोळा मध्यावर आला की नाही हे कुणी सांगावं लागत नाही, हाताला कळतं. नवखं माणूस पहिल्यांदा काय करतं? गोळा एका बाजूला उसळला की हातही त्या बाजूला नेतं. हात मातीच्या मागे धावला की माती जिंकते. कोपर मांडीला घट्ट टेकवायचं, मनगट आवळायचं आणि हात जागचा हलू द्यायचा नाही. फिरायचं काम चाकाचं आहे. हात हलला नाही तर दर फेऱ्याला उसळलेला भाग हाताला घासून आत सरकतो आणि गोळा हळूहळू शांत होतो. मग तो वर निमुळता चढवायचा, पुन्हा खाली दाबायचा, असं दोन-तीन वेळा केलं की आतल्या मातीचे कणही एका दिशेला लागतात. शिकवणारी बाई नुसती ‘श्वास सोडा’ म्हणते. श्वास रोखून धरलेल्या माणसाचे खांदे वर चढतात, खांद्यांबरोबर कोपर सुटतं आणि सगळं बिघडतं.

एका टेबलाशी मोठ्या कंपनीत हुद्द्यावर असलेला गृहस्थ आणि त्याच्या शेजारी कॉलेजातली मुलगी, दोघांचाही गोळा सारखाच डगमगत असतो. अंगठी काढावी लागते, नखं कापावी लागतात. घाई असेल तर तीही बाहेर ठेवावी लागते.

स्टुडिओतलं चाक विजेचं असतं आणि पायाखालच्या पेडलने त्याचा वेग बदलतो. सोयीचं आहे, पण शिकणाऱ्याला त्यात एक अडचण आहे. मोटर दमत नाही. गोळा मध्यावर आणायला वेग जास्त लागतो, भिंत वर ओढायला कमी. नवख्याला पाय सैल करायचं सुचत नाही, आणि पातळ झालेली भिंत त्या वेगाने बाहेर फेकली जाऊन कोसळते. आपल्या जुन्या कुंभारी चाकाची गोष्ट वेगळी आहे. ते जड असतं. दांडा खोबणीत घालून जोरात फिरवलं की त्या वजनातच गती साठते आणि पुढे ती आपोआप उतरत जाते. सुरुवातीला, गोळा बसवताना, चाक सर्वांत जोरात असतं. गळा वळवायची वेळ येते तेव्हा ते मंद झालेलं असतं. कामाचा क्रम आणि चाकाचा उतरता वेग एकमेकांशी बरोबर जुळतात. कुंभार एकाच मोठ्या गोळ्याच्या टोकावर पणती काढतो, दोऱ्याने कापतो, लगेच दुसरी काढतो आणि चाक मंदावलं की पुन्हा दांडा लावतो. हे पाहताना विजेच्या चाकावरचा पेडल मला तोकडा वाटू लागला.

भांडं झालं तरी ते भाजायचं असतंच. सुरुवातीला ओलं, मग चामड्यासारखं घट्ट, मग पूर्ण कोरडं, अशा अवस्थांतून ते जातं आणि वाळताना व भाजताना मिळून साधारण दहावा हिस्सा आक्रसतं. पावसाळ्यात बंगळुरूच्या दमट हवेत जाड बुडाची वाटी कितीतरी दिवस आत ओली राहते. अशी वाटी भट्टीत गेली तर आतल्या पाण्याची वाफ होते, वाटी फुटते आणि तिचे तुकडे शेजारच्याचं कामही फोडतात. सामूहिक वर्गात पहिल्यांदा आलेल्याचा वाकडा पेला आणि दहा वर्षं हात बसलेल्याची सुरई एकाच भट्टीत शेजारी शेजारी असतात. म्हणून भट्टी भरण्याआधी शिकवणाऱ्या बाई प्रत्येक भांड्याचं बूड गालाला लावून पाहतात. गार लागलं तर आत ओल आहे, ते भांडं थांबतं. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी मडक्यांसारखी तपासली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेव रागावले, पण पुढे विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. जाणत्या वयाच्या, नाव झालेल्या माणसाने पुन्हा शिकायला बसणं, हा त्या कथेचा भाग मला इथे जास्त आठवला.

इथवर सगळं कौतुकाचं. काळजी बेन्सन टाऊनजवळ सुरू होते.

कँटोन्मेंटच्या त्या भागात पॉटरी टाऊन नावाची वस्ती आहे. पिढ्यान् पिढ्या चाक चालवणारी तमिळ आणि कन्नड बोलणारी कुंभार कुटुंबं तिथे आहेत. पणत्या, कुंड्या, माठ, चुली आणि गणपतीच्या आधी मूर्ती, असं त्यांचं वर्षाचं चक्र आहे. शहरातल्या हौशी माणसांना चाकावर बसवणारे कुंभारही तिथे आहेत. एवढं सगळं असूनही इंदिरानगरच्या स्टुडिओत शिकलेली बहुतेक माणसं पॉटरी टाऊनला कधी गेलेली नसतात.

दोन्हींमध्ये अंतर आहे ते मातीचं. स्टुडिओत पिशवीबंद येणारी स्टोनवेअरची माती साधारण १२०० अंशांच्या पुढे भाजतात. त्यात ती घट्ट होते, तिच्यातून पाणी झिरपत नाही, कॉफीचा मग तिचाच हवा. तळ्याच्या गाळाची लाल माती त्या तापमानाला बसून जाईल, वितळूही लागेल. ती ७०० ते ९०० अंशांच्या आसपास भाजायची. ती सच्छिद्र राहते, म्हणूनच माठातलं पाणी झिरपून गार होतं. एकाच शहरातल्या या दोन मातींना एका वेळी एका भट्टीत भाजता येत नाही. ही अडचण खरी आहे, पण तिच्या आडून शिकणाऱ्याने एकाच मातीशी ओळख करून घ्यावी, हे मला पटत नाही.

लाल माती मुळात येते कुठून? बंगळुरू हे तळ्यांचं शहर. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ निघायचा, शेताला जायचा, कुंभाराला मिळायचा. धर्मांबुधी तळ्यावर आज केंपेगौडा बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा स्टेडियम आहे. जी तळी उरली त्यांतल्या अनेकांत सांडपाणी उतरतं. बेळ्ळंदूर तळ्यावर फेस आला आणि आगही लागली, हे देशाने टीव्हीवर पाहिलं. असा गाळ चाकावर कोण घेणार? माती आता शहराबाहेरून ट्रकने आणावी लागते, आणि तळ्याकाठी जी जवळजवळ फुकट मिळायची तिला वाहतुकीसकट किंमत मोजावी लागते. पणतीचा भाव मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

दुसरी अडचण भट्टीची. लाकडाच्या, भुश्याच्या आव्याला धूर येणारच, आणि आजूबाजूला उंच इमारती झाल्यावर तो धूर लोकांच्या खिडक्यांत जाणारच. राहणाऱ्यांची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. विजेची किंवा गॅसची भट्टी हा त्यावरचा उपाय आहे, पण ती एका कुटुंबाला परवडत नाही, आणि पणत्यांच्या भावात गॅसचा खर्च बसवणंही कठीण. खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१८ साली कुंभार सशक्तीकरण योजना आणली आणि देशभर विजेची चाकं वाटली. चाकाने श्रम नक्कीच वाचतात. पण शहरातल्या कुंभाराचं दुखणं चाकापेक्षा माती, भट्टी आणि जागा हे आहे. आयोगाचीच ग्रामीण कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था कर्नाटकातच, बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी बोलणाऱ्या खानापुरात आहे. तिथल्या लाल मातीचं आणि कौलांचं नाव सीमाभागात सगळ्यांना माहीत आहे. बंगळुरूच्या वस्तीत एक सामाईक, धूर न करणारी भट्टी कशी उभारावी, हे सांगणारी माणसं राज्यातच आहेत.

त्यात मेट्रो आली. पिंक लाइनच्या डेअरी सर्कल ते नागवारा या सुमारे १३.८ किलोमीटरच्या भुयारी टप्प्यातल्या एका स्थानकाला पॉटरी टाऊन हेच नाव आहे. दारात मेट्रो म्हणजे जमिनीला भाव, आणि भाव आला की चाकाला, वाळवणाच्या अंगणाला आणि आव्याला लागणारी मोकळी जागा कुणालाही वाया गेलेली दिसू लागते. स्थानकाला नाव राहील. कुंभार राहतील का, ही माझी काळजी आहे. मुलं शिकून दुसऱ्या नोकऱ्यांत जातात, त्यांनी का जाऊ नये? पण ज्याला थांबायचं आहे त्याला थांबता यावं एवढी तरी सोय शहराने करायला हवी. आयटीतली माणसं एका दुपारच्या मातीकामासाठी चांगली फी मोजतात. म्हणजे या हुनराला शहरात गिऱ्हाईक आहे, पैसाही आहे. तो बराचसा पॉटरी टाऊनला वळसा घालून जातो.

स्टुडिओंना माझी विनंती आहे: वर्षातला एक तरी वर्ग पॉटरी टाऊनच्या अंगणात, लाल मातीवर घ्या, आणि शिकवणाऱ्या कुंभाराला शिक्षकाचं मानधन द्या. महापालिकेकडे मागणं सामाईक भट्टीचं आणि तळ्यांच्या गाळावर कुंभारांच्या पहिल्या हक्काचं. आणि वाचकहो, बंगळुरूला मुलाकडे, लेकीकडे राहायला गेलात तर एक सकाळ बेन्सन टाऊनकडे वळा. चाकावर बसायचं आहे असं सांगा, सांगतील ती फी घासाघीस न करता द्या, आणि येताना माठही तिथूनच घ्या.