ना फार वेग, ना उंच उडी, तरी हा गडी जगात भारी कसा? बास्केटबॉलमधलं डोकं असं तयार होतं

साल २०१४. अमेरिकेत एनबीएचा ड्राफ्ट सुरू होता, म्हणजे कुठल्या टीमने कुठला नवा खेळाडू घ्यायचा ते ठरत होतं. ४१ व्या नंबरवर सर्बियाच्या एका जाडजूड पोराचं नाव आलं. टीव्हीवर त्याचं नाव आलं तेव्हा मध्ये टॅको बेलची जाहिरात चालू होती. एवढीच त्याची किंमत.

त्याचं नाव निकोला योकिच. पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ ला त्याने डेन्व्हर नगेट्सला त्यांचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं.

आता गंमत बघा. योकिच फार जोरात पळत नाही, फार उंच उडत नाही. मग करतो काय? तर बॉल हातात आला की पुढे काय करायचं, हे त्याला इतरांच्या आधी कळतं.

साहजिकच प्रश्न पडतो, हे डोकं उपजत असतं की शिकवता येतं?

आधी अडचण समजून घेऊ. बास्केटबॉलमध्ये बॉल ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत शॉट मारावा लागतो. त्यातही एका खेळाडूच्या हातात बॉल जेमतेम दोन-तीन सेकंद असतो. तेवढ्यात शूट करायचं, पास द्यायचा की बास्केटकडे घुसायचं हे ठरवायचं. विचार करत बसलात तर मोकळा खेळाडू मोकळा राहत नाही.

म्हणजे चांगला खेळाडू जास्त विचार करत नाही, तो जास्त बघतो.

याचा पुरावा आहे. १९८० साली कॅनडात एक प्रयोग झाला. खेळाडूंना आणि न खेळणाऱ्यांना मॅचमधले फोटो काही सेकंद दाखवले आणि कोण कुठे उभं होतं ते विचारलं. रचलेली चाल सुरू असलेल्या फोटोत खेळाडूंना जास्त आठवलं. पण खेळाडू विस्कळीत उभे असलेल्या फोटोत दोघेही सारखेच. म्हणजे खेळाडूंची स्मरणशक्ती भारी नव्हती, त्यांना चाल ओळखता येत होती.

२००८ साली इटलीतल्या संशोधकांनी फ्री थ्रोचे व्हिडीओ मध्येच थांबवले आणि विचारलं, बॉल आत जाणार का? खेळाडूंनी कोच आणि क्रीडा पत्रकारांपेक्षा लवकर आणि बरोबर ओळखलं. बॉल हातातून सुटायच्या आधी, नुसत्या शरीराच्या हालचालीवरून. कोच आणि पत्रकारांनीही आयुष्यभर बास्केटबॉल बघितलं होतं. पण ही नजर नुसतं बघून येत नाही, खेळून येते.

आता आपल्याकडची नेहमीची प्रॅक्टिस आठवा. लाईन लावायची, प्लॅस्टिकच्या कोनमधून ड्रिबल करत जायचं, ले-अप मारायचा, परत लाईनीत. हात बसायला हे हवंच. पण कोन हात पुढे करत नाही, फसत नाही, मागे सरकत नाही. तिथे ठरवायला काहीच नसतं. मग मॅचमध्ये समोर जिवंत डिफेंडर आला की पोरगं गोंधळतं.

मग करायचं काय?

पहिलं, समोर माणूस ठेवा. दोघांविरुद्ध एक, तिघांविरुद्ध दोन असे छोटे डाव खेळवा. डिफेंडर कुणाकडे झुकतोय ते बघायचं आणि उरलेल्याला पास द्यायचा. एवढं एकच वाचायला शिकलं तरी अर्धं काम झालं.

दुसरं, नियम बदला. ड्रिबल बंद केलं की पोरं आपोआप मान वर करून साथीदार शोधतात आणि बाकीचे मोकळ्या जागेत पळतात. भाषण द्यावं लागत नाही.

तिसरं, अर्ध्या सेकंदाचा नियम. बॉल आला की अर्ध्या सेकंदात शूट, पास किंवा ड्राइव्ह. सॅन अँटोनियो स्पर्सचा खेळ या विचारासाठी ओळखला जातो. २०१४ च्या फायनलमध्ये त्यांनी मायामी हीटला ४-१ ने हरवलं, तेव्हा बॉल एका हातात टिकतच नव्हता.

चौथं, निर्णय आणि निकाल वेगळे ठेवा. मोकळा शॉट घेतला आणि हुकला, तर निर्णय बरोबरच होता. तिघांच्या गर्दीत मारलेला शॉट नशिबाने आत गेला, तरी निर्णय चुकीचाच. प्रॅक्टिसमध्ये पॉइंट निर्णयाला द्या.

आणि पाचवं, सगळ्यात अवघड. कोचने गप्प बसायचं.

"पास दे! शूट कर! अरे तिकडे बघ!" असं बाहेरून ओरडलं की पोरगं डिफेंडरकडे बघायचं सोडून कोचकडे बघतं. त्यापेक्षा डाव संपल्यावर विचारा, "तुला तिथे काय दिसलं?" उत्तर चुकीचं आलं तरी चालेल. त्याला काय दिसत नाही, ते निदान तुम्हाला कळेल.

अशी प्रॅक्टिस बघायला मात्र गबाळी वाटते. पास चुकतात, बॉल हातातून जातो. कट्ट्यावर बसलेल्या पालकांना वाटतं, यापेक्षा लाईनीतले ले-अप बरे. पण १९७९ च्या एका प्रयोगात हाताच्या हालचाली शिकवताना हेच दिसलं होतं. सराव आलटून पालटून केलेले लोक सरावात मागे होते, पण नंतरच्या परीक्षेत पुढे निघाले.

यात खरं नुकसान होतं ते चुकायला घाबरणाऱ्या पोरांचं. एक पास चुकला की बेंचवर बसवलं, तर पुढच्या वेळी पोरगं पासच देत नाही. बॉल आला की शेजारच्याला देऊन मोकळं होतं. आपल्याला वाटतं याच्यात दम नाही. खरं तर त्याला ठरवायची संधीच कुणी दिलेली नसते.

उंची आणि उडी थोडीफार आईबापांकडून येते. नजर मात्र मैदानावर तयार होते, आणि त्यासाठी चुकायची मुभा लागते. पुढच्या वेळी तुमचं पोरगं मॅच खेळून घरी आलं, की "किती बास्केट मारल्या?" विचारायच्या आधी एकदा "आज काय काय दिसलं?" असं विचारून बघा.