प्रतापसिंहराव गायकवाड आणि सीतादेवी यांचा विवाह

बडोदा संस्थानचे अखेरचे सत्ताधारी महाराजा प्रतापसिंहराव गायकवाड आणि पिठापुरमच्या राजघराण्यातील सीतादेवी यांचा विवाह १९४३ मध्ये झाला. दोघेही आधीच विवाहित होते. राजा स्वतःच्या राज्याच्या कायद्याने बांधला जातो का, या प्रश्नामुळे हा विवाह वादग्रस्त ठरला.

पार्श्वभूमी

प्रतापसिंहरावांचे आजोबा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत बडोद्यात १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक आणि १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात, रूढीने काडीमोडीची मुभा असलेल्या जाती वगळता, हिंदूंना घटस्फोटाचा मार्ग जवळजवळ बंदच होता.

विवाह व वाद

सीतादेवींनी इस्लाम स्वीकारून पहिला विवाह संपुष्टात आणला आणि पुन्हा हिंदू धर्मात प्रवेश केला. प्रतापसिंहरावांच्या पहिल्या पत्नी शांतादेवी हयात होत्या, तर बडोद्याचा कायदा द्विभार्येस मनाई करीत होता. सत्ताधीशास हा कायदा लागू नाही, असा युक्तिवाद महाराजांच्या बाजूने करण्यात आला. ब्रिटिश सरकारने अखेर विवाह मान्य केला. मात्र सीतादेवींना ‘हर हायनेस’ हा किताब दिला नाही. इंग्लंडमध्ये घटस्फोटितेशी विवाह करण्यासाठी आठव्या एडवर्डने १९३६ मध्ये राजत्याग केला होता. प्रतापसिंहरावांची गादी मात्र या विवाहामुळे गेली नाही.

नंतरचा काळ

बडोदा संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. भारत सरकारने १९५१ मध्ये प्रतापसिंहरावांची राजेपदाची मान्यता काढून घेतली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व व घटस्फोट या तरतुदी देशभरातील हिंदूंना लागू झाल्या. पुढच्याच वर्षी या दांपत्याचा घटस्फोट झाला.