चाळीस यार्डांची परीक्षा

फेब्रुवारी सरता सरता अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात सव्वातीनशेच्या आसपास तरुण जमतात. वय एकवीस-बावीस, कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल नुकतंच संपलेलं आणि नजर एनएफएल या व्यावसायिक लीगवर. लीगचे बत्तीसही संघ आपापले प्रशिक्षक, डॉक्टर आणि स्काउट घेऊन हजर असतात. पोरांची उंची, वजन, पंजाचा आकार, गुडघ्यांची जुनी दुखणी, सगळं तपासलं जातं. या मेळाव्याचं नाव ‘स्काउटिंग कम्बाइन’. १९८२ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात असा पहिला मेळावा झाला. १९८७ पासून इंडियानापोलिस हेच त्याचं घर आहे. पुढे एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये संघ एकेक खेळाडू निवडतात, तेव्हा इथले आकडे त्यांच्या हाताशी असतात.

या आकड्यांची सर्वाधिक चर्चा होते ती रिसीव्हरच्या बाबतीत. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणं हे त्याचं काम. पण धावायला मोकळी वाट त्याला कुणी देत नाही. पहिल्या पाच यार्डांत समोरच्या बचावपटूला त्याला हातांनी अडवायची, ढकलायची मुभा असते. ते अंतर ताकदीवर काढायचं आणि मग वेगाने निसटायचं. म्हणूनच वेग आणि ताकद, दोन्ही मोजण्याचा एवढा खटाटोप.

वेगाची मुख्य कसोटी चाळीस यार्डांची, म्हणजे साडेछत्तीस मीटरची धाव. तिचं श्रेय क्लीव्हलँडचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांना दिलं जातं. लाथाडलेला चेंडू साधारण चाळीस यार्ड जातो आणि साडेचार सेकंद हवेत राहतो. तेवढ्यात तो पडेल तिथे पोहोचणारा गडी हवा, असा त्यामागचा हिशेब सांगतात. ऑलिम्पिकमध्ये पिस्तूल वाजलं की घड्याळ सुरू होतं. इथे धावपटू मनाला येईल तेव्हा निघतो. तो हलला की माणूस बटण दाबतो आणि शेवटची वेळ इलेक्ट्रॉनिक किरण टिपतो. त्यामुळे या वेळांची तुलना शंभर मीटरच्या शर्यतीतल्या टप्प्यांशी करण्यात अर्थ नाही. जाणता स्काउट पूर्ण वेळेइतकंच पहिल्या दहा यार्डांकडेही पाहतो, कारण सामन्यात सरळ चाळीस यार्ड धावायची वेळ क्वचितच येते. झटक्यात सुटायची वेळ मात्र दर खेळीला येते.

२०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन रॉसने हे अंतर ४.२२ सेकंदांत कापून विक्रम केला. सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं, आणि पहिल्या मोसमात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. २०२४ मध्ये टेक्सासच्या झेव्हियर वर्दीने ४.२१ सेकंदांची नोंद करून तो विक्रम मोडला. हा पोरगा जेमतेम ७५ किलोंचा. कॅन्सस सिटीने त्याला अठ्ठाविसाव्या क्रमांकावर उचललं आणि पहिल्याच मोसमाअखेरच्या सुपर बोल या अंतिम सामन्यात त्याने १५७ यार्ड मिळवले. घड्याळाने दोघांत सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फरक दाखवला होता. मैदानावरच्या फरकाबद्दल ते काहीच बोललं नव्हतं.

ताकदीची कसोटी म्हणजे बेंच प्रेस. १०२ किलोंचा बार पाठीवर झोपून किती वेळा उचलता, ते मोजायचं. अनेक रिसीव्हर ती देतच नाहीत. २०१९ मध्ये डीके मेटकाफने मात्र जवळजवळ स्वतःच्या वजनाइतका तो बार २७ वेळा उचलला आणि १०३ किलोंचा देह घेऊन चाळीस यार्ड ४.३३ सेकंदांत पार केले. पण तीन शंकूंना वळसे घालत धावायच्या चाचणीत त्याला ७.३८ सेकंद लागले. रिसीव्हरच्या मानाने ही वेळ बरीच संथ. वळता न येणारा दांडगा, अशी शंका संघांना आली आणि तो चौसष्टाव्या क्रमांकापर्यंत घसरला. सिएटलने त्याला घेतलं. वळणं थोडी, सरळ धाव आणि धक्काबुक्की जास्त, अशा कामाला लावलं, आणि तो लीगमधल्या नामवंत रिसीव्हरांत गणला जाऊ लागला.

उलट उदाहरणंही तितकीच ठसठशीत आहेत. जेरी राइसची चाळीस यार्डांची वेळ ४.६ ते ४.७ सेकंदांच्या आसपास सांगितली जाते. १९८५ मध्ये सोळाव्या क्रमांकावर निवडलेल्या या माणसाचे १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड आजही कुणाला गाठता आलेले नाहीत. कूपर कपने कम्बाइनमध्ये ४.६२ सेकंद घेतले. २०२१ च्या मोसमात झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत तोच पहिला होता. दोघांचीही खरी कमाई होती पळण्याच्या मार्गातली अचूकता: कुठे वेग कमी करायचा, बचावपटूचं वजन कोणत्या पायावर गेलं की वळायचं, चेंडूकडे मान केव्हा फिरवायची. यातलं काहीच मोकळ्या पट्टीवर मोजता येत नाही.

मग ही परीक्षा निरर्थक का? तसंही नाही. चाळीस यार्डांना पाच सेकंद घेणाऱ्याला या लीगमध्ये मोकळी जागा मिळणं कठीण, एवढं ती खात्रीने सांगते. वेळेसोबत वजन वाचलं तर ती आणखी थोडं सांगते: ७५ किलोंचा ४.३ आणि १०३ किलोंचा ४.३ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच कम्बाइनमध्ये ‘गाँटलेट’ नावाचा सराव असतो. रिसीव्हर मैदानाच्या रुंदीवर सरळ रेषेत धावतो आणि आलटून पालटून दोन्ही बाजूंनी येणारे चेंडू वेग न मोडता झेलतो. त्याला विक्रमाचा आकडा नाही, म्हणून बातमीही नाही. पण तिथे पाय हाताची वाट पाहत थबकतात की नाही, हे डोळ्यांना दिसतं. रिसीव्हर पारखायचा तर स्टॉपवॉच हवंच. पण त्याने नापास करावं, पास करण्याचं काम सामन्याच्या चित्रफितींवर आणि अशा सरावांवर सोडावं.