पिसांचा मुकुट आणि मशीनगन

फोटोत दोन माणसं आहेत. जागा बी-17 या बॉम्बफेकी विमानाच्या पोटातली. दोघांच्या अंगावर अमेरिकी लष्कराचे कपडे आणि डोक्यावर पिसांचा भरघोस मुकुट. होरेस पूलॉ यांच्या हातात हवाई छायाचित्रणाचा कॅमेरा, तर गस पाल्मर यांच्या हाती मशीनगन. विमानाच्या कुशीतून गोळीबार करणं हे पाल्मरांचं काम. दोघंही ओक्लाहोमातल्या कायोवा जमातीचे. काळ 1944च्या सुमाराचा, ठिकाण फ्लोरिडातल्या टॅम्पा शहराचा मॅकडिल हवाई तळ.

मुकुट अर्थातच फोटोसाठी घातलेले. पण ही नुसती हौस नव्हती, आणि त्याचं कारण फ्लोरिडातच सापडतं. 1875 मध्ये याच लष्करानं दक्षिणेकडच्या गवताळ मैदानांवरचे 72 कैदी बेड्या घालून फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियन किल्ल्यात आणले होते. त्यात कायोवा योद्धेही होते. तीन वर्षांच्या कैदेत त्यांतल्या काहींनी कागदावर आपल्या लढायांची आणि शिकारींची चित्रं काढली. सत्तर वर्षांच्या आत त्याच राज्यात, त्याच लष्कराचे सैनिक म्हणून दोन कायोवा उभे राहिले, तेही आपल्या पूर्वजांचा मुकुट घालून.

तोपर्यंत या जमातीनं काय काय गमावलं होतं! 1867च्या मेडिसिन लॉज करारानं त्यांना राखीव प्रदेशात बसवलं. पुढे अमेरिकी संसदेनं करार मोडून जमीन वाटायला काढली, तेव्हा कायोवा नायक लोन वुल्फ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1903 मध्ये हरले. सरकारला असा करार मोडता येतो, असा तो निकाल. देशातल्या सगळ्या मूलनिवासींना नागरिकत्व मिळालं तेच मुळी 1924 मध्ये.

मग अशा देशासाठी बंदूक का उचलायची? कायोवांकडे लढवय्येपणा ही जुनी जबाबदारी होती. आपल्या माणसांचं रक्षण करणाऱ्याला मान मिळे, त्याच्या नावानं गाणी होत, घरच्या बायका त्याच्यासाठी नाचत. झेंडा बदलला, पण ही जबाबदारी अंगातून गेली नाही.

पाल्मर युद्धातून परतले. त्यांचा भाऊ लिंडरेथ परतला नाही. तो 1944 मध्ये फ्रान्समध्ये मारला गेला. या दुःखाचं पाल्मरांनी जे केलं, त्यातच त्यांच्या आयुष्याचं मोठेपण आहे असं मला वाटतं. 1958 मध्ये त्यांनी आपल्या भाऊबंदांना आणि इतर माजी सैनिकांना सोबत घेऊन ‘तोंकोंगा’ ही जुनी योद्ध्यांची मंडळी पुन्हा उभी केली. तोंकोंगा म्हणजे काळ्या पायांचे. वणव्यातून चालत आलेल्या आणि पाय काळे पडलेल्या योद्ध्यांवरून हे नाव पडलं, अशी एक कथा सांगतात. कित्येक वर्षं या मंडळीचे समारंभ बंद पडले होते. जुनी गाणी म्हाताऱ्यांच्या तोंडी तेवढी उरली होती. पाल्मर तिचे नायक झाले आणि पुढची अनेक दशकं त्यांनी ही धुरा वाहिली.

या मंडळीचा समारंभ अनादार्को गावाजवळ होतो. पुरुषांच्या पायांवर काळा रंग किंवा काळं कापड, खांद्यांवर लाल शेला. हा लाल शेला म्हणजे एका कायोवा वीरानं मेक्सिकन अधिकाऱ्याकडून जिंकून आणलेल्या शेल्याची आठवण. बायकांच्या लाल-निळ्या पोशाखावर मात्र नजर खिळते. कारण त्यावर मुलानं, नवऱ्यानं, भावानं ज्या तुकडीत नोकरी केली तिची चिन्हं शिवलेली असतात. जवळच रंगवलेला टिपी, म्हणजे शंकूच्या आकाराचा तंबू, उभा असतो. त्याच्या एका बाजूला पट्टे, दुसऱ्या बाजूला लढाईची चित्रं. एकोणिसाव्या शतकातले कायोवा प्रमुख दोहासान यांचा असाच चित्रांचा तंबू प्रसिद्ध होता. त्याचाच वारसा नव्या तंबूनं विसाव्या शतकातल्या युद्धांपर्यंत आणला.

या परंपरेचं आणखी एक नाव घ्यायलाच हवं: पास्कल पूलॉ. दुसरं महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम, तिन्ही युद्धांत ते लढले आणि तिन्हींत जखमी झाले. चार सिल्व्हर स्टारसह 42 पदकं त्यांच्या नावावर आहेत. 1962 मध्ये ते निवृत्त झाले होते. पण व्हिएतनाममध्ये एका मुलानं पाय गमावला आणि दुसऱ्यालाही बोलावणं आलं, तेव्हा बाप पुन्हा भरती झाला. एकाच घरातल्या दोघांना त्यांच्या संमतीशिवाय एकाच वेळी आघाडीवर पाठवायचं नाही असा नियम होता. आपण गेलो तर मुलगा वाचेल, हा त्यांचा हिशेब. मुलगा आदल्याच दिवशी रवाना झाल्याचं त्यांना बंदरावर कळलं. ते त्याच्यामागून गेले. 7 नोव्हेंबर 1967 रोजी लॉक निन्हजवळ, जखमी सहकाऱ्यांना ओढून बाजूला नेताना ते मारले गेले.

त्यांची समाधी फोर्ट सिलच्या लष्करी दफनभूमीत आहे. हा तळ 1869 मध्ये उभारला गेला तो मुख्यतः कायोवा आणि कोमांचे यांना काबूत ठेवण्यासाठी. 1871 मध्ये पहारेकऱ्यांवर झेप घेऊन मरण पत्करणारे कायोवा नायक सतांक हेही तिथेच विसावले आहेत.

होरेस पूलॉ आणि गस पाल्मर यांचा तो फोटो कधी समोर आला, तर पिसांपाशीच थांबू नका. मशीनगन धरलेला तो तरुण नीट पाहा, आणि त्याच्यासोबत लिंडरेथचंही नाव लक्षात ठेवा.