पाहुण्याला मराठी येत नाही, हेच बरे

देहूला तळवडे हाकेच्या अंतरावर, चाकण त्याच्या पुढे. कंपनीत जाणाऱ्या आईबापांना पोरांच्या इंग्रजीची काळजी असते आणि ती रास्त आहे. पुण्यात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना मदतीसाठी शाळेत बोलवावे असा विषय निघाला, की काही समजुती हमखास पुढे येतात.

‘परदेशी म्हणजे इंग्रजी जन्मजात.’ तसे नाही. पुण्याला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. त्यांचे हाल पाहूनच फर्ग्युसनमधले प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ साली सिंबायोसिस काढली. यातले बरेच जण आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून, अफगाणिस्तानातून येतात. घरी अरबी, फारसी. इंग्रजी तेही शाळेतच, चुकतमाकत शिकलेले. मला ही त्यांची जमेची बाजू वाटते. समोरचाही शब्द शोधताना अडतो हे दिसले, की गप्प बसणाऱ्या पोराची भीड चेपते.

‘जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी कुठे असते?’ असते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. तेव्हाचे शिक्षणमंत्री होते प्रा. रामकृष्ण मोरे, चिंचवडचे नाट्यगृह ज्यांच्या नावाने आहे तेच. कमी पडते ते बोलणे. सर, बाई, मित्र, सगळ्यांना मराठी येते. मग इंग्रजीत बोलायचे कशाला? पाहुण्याला मात्र मराठी येत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. समजा, चौथीतली मुलगी त्याला इंद्रायणीचा डोह दाखवते आहे. ‘बुक... रिव्हर... थर्टीन डेज... नॉट वेट.’ व्याकरण नाही, पण तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी कोरडी वर आली ही कथा पोचली. तो विचारतो, ‘व्हाय रिव्हर?’ आता तिला ‘बुडवली’साठी शब्द हवा. तो बाईच देणार.

म्हणून ‘पाहुणा आला की शिक्षकाला सुट्टी’ आणि ‘त्या तासाला मराठी बंद’ हे दोन्ही चूक. सांगण्यासारखे काही मराठीत पक्के असेल, तरच ते इंग्रजीत सांगता येते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्यतो मातृभाषेतूनच शिकवण्यावर भर आहे.

‘फुकट शिकवतो, मग परवानगी कसली?’ लागते. पर्यटन व्हिसावर विनामोबदला स्वयंसेवी काम जास्तीत जास्त महिनाभर चालते. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने आधी आपल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात विचारावे. शाळेने विषय व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा आणि वर्गात शिक्षक कायम हजर असावेत. मुलांना कोणाबरोबरही एकटे सोडू नये, पाहुणा कितीही सज्जन असो.

आणि एक कळकळीची विनंती. फोटोपुरते कोणाला बोलावू नका. दर आठवड्याला एकच तास, पण तोच माणूस, निदान एक सत्रभर येऊ द्या. पोरे ओळखीच्या माणसाशीच बोलतात.