संगणकातील टपालाचे दप्तर आणि त्याची निगा

कार्यालयाची जागा बदलावयाची असते तेव्हा दप्तर कसे हलवावे, हे प्रत्येक अनुभवी लिपिकाला ठाऊक असते. गठ्ठे मोजले जातात, त्यांवर क्रमांक घातले जातात, यादी तयार होते आणि नव्या जागी यादीबरहुकूम मोजणी झाल्याखेरीज जुनी खोली रिकामी केली जात नाही. संगणकातील टपालाच्या बाबतीत मात्र ही दक्षता क्वचितच घेतली जाते. आज्ञावलीची नवी आवृत्ती बसविली जाते, संगणक पुन्हा सुरू होतो आणि आउटलुकची डेटा फाईल उघडता येत नाही, अशी सूचना पडद्यावर उमटते. कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार क्षणात दृष्टीआड होतो. वास्तविक पत्रे बहुधा जागच्या जागीच असतात. ती कोठे आहेत एवढेच नव्या आज्ञावलीला उमगलेले नसते. खरे नुकसान होते ते त्यानंतरच्या घाईत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ही प्रणाली आणि ऑफिस २०१६ व २०१९ हे संच यांना मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारे नियमित साहाय्य संपुष्टात आले. त्यामुळे जेथे ही साधने वापरात होती, तेथे नव्या आवृत्तीकडे वळणे क्रमप्राप्त ठरले आहे. अशा वेळी टपालाच्या फाईलची माहिती शाळा, पंचायती आणि कार्यालये यांतील जबाबदार व्यक्तींना असणे अगत्याचे आहे.

ई-मेल हाही अभिलेखच

ई-मेल म्हणजे तोंडी निरोप नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये ‘माहिती’ या संज्ञेची जी व्याख्या दिली आहे, तीत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता दिली असून, असा अभिलेख जतन करताना तो पुढे वाचता यावा आणि त्याचा उगम, गंतव्य स्थान, दिनांक व वेळ ही माहितीही टिकून राहावी, अशी अपेक्षा त्यात व्यक्त केली आहे. निधी मंजुरीचे पत्र, शिक्षकांच्या नेमणुकीसंबंधीची विचारणा किंवा ग्रामस्थाची तक्रार ई-मेलने आली असेल आणि ती फाईलबरोबर नाहीशी झाली, तर ‘संगणक बिघडला’ हे उत्तर अर्जदाराला पुरेसे वाटणार नाही.

फाईल मूळ की नक्कल?

आउटलुक आपले टपाल दोन प्रकारच्या फायलींत ठेवते. एकीच्या नावाअखेर ‘पीएसटी’ ही अक्षरे असतात, तर दुसरीच्या अखेर ‘ओएसटी’. दुरुस्तीचा सारा विचार या भेदावर अवलंबून आहे.

‘पॉप’ पद्धतीच्या खात्यात टपाल सर्व्हरवरून आपल्या संगणकात उतरविले जाते आणि योजना तशी केलेली असल्यास सर्व्हरवरून काढूनही टाकले जाते. हे टपाल पीएसटी फाईलमध्ये साठते. अर्थात अनेकदा ही फाईल म्हणजे पत्रव्यवहाराची एकमेव प्रत असते. याउलट एक्स्चेंज वा मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या खात्यात, तसेच आउटलुक २०१३ पासून ‘आयमॅप’ पद्धतीच्या खात्यात, ओएसटी फाईल वापरली जाते. मूळ टपाल सर्व्हरवर असते आणि ओएसटी ही त्याची संगणकातील नक्कल असते. नक्कल बिघडली तर ती पुन्हा तयार करता येते. मूळ प्रत बिघडली तर तसे करता येत नाही. म्हणून कोणताही उपाय योजण्यापूर्वी आपली फाईल कोणत्या प्रकारची आहे, हे निश्चित करावे.

आउटलुक २०१० पासून पॉप खात्याची नवी पीएसटी फाईल सामान्यतः ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाईल्स’ या फोल्डरात तयार होते. त्यापूर्वीच्या फायली आणि सर्व ओएसटी फायली वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ या फोल्डराच्या पोटात असतात. हा फोल्डर विंडोज मुळातच लपवून ठेवते. त्यामुळे साध्या नजरेला फाईल दिसली नाही, तर ती नष्ट झाली असे समजू नये.

बिघाडाची कारणे

पहिले कारण पत्त्याचे. कोणती खाती आहेत आणि कोणत्या खात्याची फाईल कोठे आहे, याची नोंद आउटलुक ‘प्रोफाईल’मध्ये ठेवते. नव्या प्रणालीत फोल्डराचे नाव वा स्थान बदलले, तर नोंदीतील पत्ता जुनाच राहतो आणि फाईल सापडत नाही. ०एक्स८००४०१०एफ हा दोष-क्रमांक पुष्कळदा हेच सांगत असतो. ‘वनड्राइव्ह’ची सोय सुरू होऊन ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर तिच्या ताब्यात गेल्यासही पत्ता बदलतो. विंडोज नव्याने बसविताना जुन्या वापरकर्त्याचे फोल्डर ‘विंडोज.ओल्ड’ या नावाखाली बाजूला ठेवले गेले असतील, तर विशेष त्वरा करावी. कारण हा फोल्डर साधारणतः दहा दिवसांनी आपोआप पुसला जातो.

दुसरे कारण अधिकाराचे. पीएसटी फाईल केवळ वाचण्यासाठी उघडावयाची असली, तरी आउटलुकला तीत लिहिण्याची मुभा लागते. फाईल जुन्या वापरकर्त्याच्या नावे असेल किंवा ‘केवळ वाचनासाठी’ अशी खूण तिच्यावर राहिली असेल, तर फाईल निर्दोष असूनही उघडत नाही.

तिसरे कारण अंतर्गत मोडतोडीचे. आउटलुक चालू असताना वीज गेली किंवा फाईल दुसऱ्या संगणकावर ठेवून जाळ्यामार्फत वापरली गेली, तर तिची आतील मांडणी विस्कटू शकते. असा दोष पूर्वीपासून सुप्तावस्थेत असतो आणि आवृत्ती बदलल्यावर उघडकीस येतो.

उपायांचा क्रम

प्रथम आउटलुक पूर्णपणे बंद करावे. फाईल शोधून तिची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी आणि दोन्ही फायलींचा आकार सारखा आहे, याची खात्री करावी. ही प्रत हाती येईपर्यंत काहीही पुसू नये, काहीही नव्याने बसवू नये.

त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधील ‘मेल’ या विभागात जाऊन ‘डेटा फाईल्स’च्या यादीतील पत्ता प्रत्यक्ष स्थानाशी ताडून पाहावा. तो चुकीचा असेल तर योग्य फाईल जोडावी. प्रोफाईलच सदोष वाटल्यास नवे प्रोफाईल करून त्यात जुनी पीएसटी जोडता येते. जुने प्रोफाईल मात्र सर्व टपाल दिसू लागेपर्यंत काढू नये.

मोडतोडीचा दोष असेल तर ‘स्कॅनपीएसटी’ हे आउटलुकसोबतच येणारे दुरुस्तीचे साधन वापरावे. ते फाईलची अंतर्गत मांडणी तपासते, सापडलेले दोष दुरुस्त करते आणि ज्यांचे मूळ स्थान कळत नाही अशी पत्रे वेगळ्या फोल्डरात ठेवते. दुरुस्तीपूर्वी प्रत घेण्याची त्यातील खूण कायम ठेवावी. एका फेरीत सर्व दोष निघतीलच असे नाही; दोष नसल्याचा निर्वाळा मिळेपर्यंत फेऱ्या कराव्यात.

ओएसटी फाईलच्या बाबतीत मार्ग सोपा आहे. वेबवरून खाते उघडून सर्व टपाल सर्व्हरवर असल्याची खात्री करावी. न पाठविलेली पत्रे आणि केवळ याच संगणकावर ठेवलेले फोल्डर सर्व्हरवर नसतात, हे ध्यानी घ्यावे. मग फाईल न पुसता तिचे नाव बदलावे. आउटलुक पुन्हा सुरू केल्यावर नवी ओएसटी तयार होते.

जुन्या घडणीच्या फायली

आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटी फायलींची मर्यादा २ गिगाबाइट होती. मर्यादेच्या जवळ पोहोचलेली फाईल बिघडण्याचा धोका मोठा असे. आउटलुक २००३ पासून युनिकोड घडणीची फाईल आली. तिची मर्यादा प्रथम २० आणि आउटलुक २०१० पासून ५० गिगाबाइट ठरविण्यात आली. परंतु आवृत्ती बदलली म्हणून जुनी फाईल आपोआप नव्या घडणीची होत नाही. नवी फाईल तयार करून जुन्या फाईलमधील पत्रे तीत आणावी लागतात.

मराठी पत्रव्यवहाराच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. जुन्या घडणीत देवनागरी लिपीला स्थान नव्हते. त्यामुळे पत्राच्या विषयाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. अशा रीतीने एकदा लोपलेली अक्षरे नव्या फाईलमध्ये आणूनही परत मिळत नाहीत. जुनी फाईल वापरात असेल, तर हे स्थलांतर लांबणीवर टाकू नये.

पूर्वतयारी हाच खरा उपाय

आवृत्ती बदलण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात: खात्याचा प्रकार लिहून ठेवावा, प्रत्येक फाईलचे स्थान व आकार नोंदवावा, आउटलुक बंद करून पीएसटीची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते का, हे पाहावे. ही नोंद संगणकात न ठेवता कागदावर करून दप्तरी लावावी, म्हणजे संगणक बंद असतानाही ती हाती राहील. चालू पीएसटी फाईल जाळ्यावर किंवा वनड्राइव्हमध्ये ठेवू नये. दुरुस्तीच्या नावाखाली अनोळखी आज्ञावली उतरवून कार्यालयाचा पत्रव्यवहार तिच्या हवाली करणेही धोक्याचे आहे.

नवी आज्ञावली बसविणाऱ्या तंत्रज्ञाचे काम तासाभरात आटोपते. पत्रव्यवहाराची जबाबदारी मात्र कार्यालयाकडेच राहते. म्हणून तंत्रज्ञाला निरोप देण्यापूर्वी सर्वांत जुने एक पत्र आणि सर्वांत अलीकडचे एक पत्र स्वतः उघडून पाहावे. दप्तर नव्या जागी पोहोचल्याची ती पहिली खूण होय. त्यानंतर फोल्डरांतील पत्रांची मोजणी जुळली, म्हणजे जुनी खोली रिकामी करण्यास हरकत नाही.